खरवडलेल्या लोखंडावर रात्र जाऊ देऊ नका

पाऊस सरला आणि भिंतींची ओल गेली की घरोघरी रंगाचे डबे निघतात. खिडकीचे ग्रिल, गॅलरीचा कठडा, लोखंडी दार यांनाही ऑइलपेंटचा हात दिला जातो. पण पुष्कळ घरी पुढच्या पावसाळ्यातच त्या रंगाला फोड येतात, पापुद्रे सुटतात आणि आतून तांबूस गंज डोकावतो. मग आपण रंगाला नावे ठेवतो. आमच्या मते खरी चूक बरेचदा निराळी असते. लोखंड आज खरवडले आणि प्राइमर लावला दोन दिवसांनी, ही ती चूक.

रंग निघालेले लोखंड म्हणजे उघडी जखम. हवेतली ओल आणि प्राणवायू एकत्र आले की गंज धरू लागतो. दमट हवेत काही तासांतच पिवळट-तांबूस झाक येते. मुंबई, रत्नागिरीकडे समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने हे अधिकच लवकर घडते. आपल्या हाताच्या घामातही मीठ असते, म्हणून साफ केलेल्या लोखंडाला उघडा हात लावू नये. गंज हा मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. तो रंगाखाली राहिला तर फुगतो आणि रंगाला वर ढकलतो.

तेव्हा नियम एकच: संध्याकाळपर्यंत प्राइमर लावून होईल तेवढेच खरवडावे. सुट्टी रविवारचीच असेल तर एका रविवारी एकच खिडकी घ्यावी. जुना रंग घट्ट बसला असेल तर तो सगळा काढण्याचीही गरज नाही. सुटलेला रंग आणि गंज तेवढा काढावा, बाकीच्यावर पॉलिश पेपर फिरवावा.

कोरडा, उन्हाचा दिवस निवडावा. सकाळचे दव उडून गेल्यावर काम सुरू करावे. स्क्रॅपर, तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर असा क्रम ठेवावा. नंतर धूळ झटकून टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने पुसावे. रॉकेल वापरू नये. त्याचा तेलकटपणा मागे राहतो आणि प्राइमर नीट धरत नाही. संडास धुण्याचे ॲसिड तर मुळीच लावू नये. त्याने गंज निघालेला दिसतो, पण त्याचे क्षार मागे राहून लोखंड पुन्हा झपाट्याने गंजते. पुसलेले वाळले की लगेच रेड ऑक्साइड प्राइमर लावावा. सांधे, वेल्डिंगच्या जागा आणि पाणी साचते ती खालची पट्टी यांना ब्रश आधी लावावा. गंज तिथूनच सुरू होतो.

प्राइमर म्हणजे शेवटचा रंग नव्हे. त्याच्यातून ओल आत शिरू शकते. डब्यावर लिहिलेला वाळण्याचा वेळ झाला की ऑइलपेंटचे दोन हात द्यावेत. मध्येच लोखंडावर तांबूस झाक आली, तर ती पॉलिश पेपरने काढून, पुसून मगच पुढे जावे. तिच्यावरच रंग फासला तर गंज झाकून ठेवल्यासारखे होते.

माता-भगिनींनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. जुन्या ऑइलपेंटमध्ये आणि शेंदरी प्राइमरमध्ये शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक ठरू शकते. खरवडताना मुले आणि गरोदर बाई दूर असाव्यात, काम करणाऱ्याने तोंडावर मास्क बांधावा आणि जमीन झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

रंगाऱ्याशी मजुरी ठरवतानाच सांगावे, "आज खरवडाल तेवढ्याला आजच प्राइमर लागला पाहिजे." कठड्याला टेकून आपली मुले उभी राहतात. तो आतून कुजता कामा नये. कचेरीत आम्ही रोजचा हिशेब रोज मिटवतो. लोखंडाचा हिशेबही तसाच आहे.