कांजिण्या आणि गर्भवती

थंडी सरूं लागली म्हणजे घरोघरीं कांजिण्यांची पाळी येते. दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला कीं आपलें कर्तव्य संपलें, असें आमचे पुष्कळ बंधु समजतात. मुलांच्या बाबतींत हा समज खपून जातो, कारण त्यांचा रोग बहुधा आपोआप बरा होतो. परंतु घरांत गर्भवती असेल तर तोच समज घातक ठरतो. आणि आमच्याकडे लेक बाळंतपणाला माहेरीं येते ती नेमकी भाचरांनीं भरलेल्या घरांत!

गर्भवतीस कांजिण्या झाल्यास न्यूमोनिया होऊन जिवावर बेतूं शकतें. पहिल्या वीस आठवड्यांत हा रोग झाल्यास शंभरांत एकदोन गर्भांच्या हातापायांत, डोळ्यांत किंवा मेंदूंत व्यंग राहतें. प्रसूतीपूर्वीं ५ दिवसांपासून नंतर २ दिवसांपर्यंत मातेस फोड आले, तर अर्भकास हा रोग अतिशय तीव्र होण्याचें भय असतें.

'हें दैवाधीन आहे,' असें कोणी म्हणेल. ज्यावर उपाय आहे तें दैवाधीन कसें, असें आम्ही विचारतों. फोड दिसण्याच्या एकदोन दिवस आधींपासून सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत रोगी संसर्ग देतो. तेव्हां गर्भवतीनें त्या घरीं राहूं नये. पूर्वीं कांजिण्या येऊन गेल्या असल्यास बहुधा भय नाहीं. शंका असल्यास रक्त तपासतां येतें. संसर्ग झाल्यास १० दिवसांच्या आंत प्रतिद्रव्याची सुई, आणि फोड दिसतांच २४ तासांत असायक्लोव्हिर, हे उपाय डॉक्टर योजूं शकतात. म्हणून खपल्यांची वाट न पाहतां डॉक्टरांस तत्काळ कळवावें.

खरा उपाय त्याही आधींचा आहे. जपानच्या डॉ. मिचिआकी ताकाहाशी यांनीं १९७४ सालीं तयार केलेली लस गर्भारपणांत देत नाहींत. ती घेतल्यावर निदान एक महिना गर्भ राहूं देऊं नये. यास्तव जिला कांजिण्या आल्या नाहींत, अशा मुलीच्या लग्नाच्या यादींत धामणगांवच्या आमच्या व्यापारी बंधूंनीं आहेराआधीं या लसीच्या दोन मात्रा लिहाव्या. सरकारच्या मोफत लसींत हिचा समावेश व्हावा, ही मागणीहि आम्ही करतों. कारण गरिबाच्या लेकीचा जीव कमी मोलाचा नाहीं.

ज्या देशानें देवीच्या रोगापुढें शतकानुशतकें हात जोडले, तोच देश १९७७ सालीं त्या रोगापासून मुक्त ठरला. तो नवसानें नव्हे, सुईनें. हा धडा आम्ही आपल्याच घरांत विसरावा काय?