मुलग्यांचं काय करायचं?

१९९० साली उल्हासनगरला दहावीचा पेपर चालू असताना परीक्षेच्या वर्गात शिरून एका मुलीला जाळण्यात आलं. 'एकतर्फी प्रेम' हा शब्द त्यानंतर वर्तमानपत्रांनी इतका वापरला की तो गुन्ह्याचा प्रकार आहे की सिनेमाचा, तेच कळेनासं झालं. मोर्चे निघाले, निवेदनं दिली गेली, 'हे प्रेम नव्हे, ही हिंसा' असं आपण घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. २०२३च्या जूनमध्ये पुण्याच्या सदाशिव पेठेत भरदिवसा एक तरुण कोयता घेऊन मुलीच्या मागे धावला. मधल्या ३३ वर्षांत मुली शिकल्या, नोकऱ्यांना लागल्या, 'नाही' म्हणू लागल्या. ते 'नाही' ऐकून घ्यायला मुलग्यांना कोणी शिकवलं?

बैठकीत हा विषय काढला की दोन उत्तरं येतात. पहिलं, कायदा कडक करा. दुसरं, मुलग्यांसाठी आपण का राबायचं, मुलींचंच काम पुरं होत नाही. दुसऱ्या उत्तरातली चीड मला समजते आणि तिच्याकडे मी येणार आहे. आधी पहिलं.

१९८६च्या बालन्याय कायद्यात मुलगा १६ वर्षांपर्यंत आणि मुलगी १८ वर्षांपर्यंत 'बाल' होती. २००० साली दोघांसाठी १८ झाले. डिसेंबर २०१२च्या दिल्लीतल्या बलात्कारानंतर देशभर संताप उसळला. आरोपींपैकी एक अल्पवयीन होता. त्यातून २०१५चा कायदा आला. १६ ते १८ वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला असेल, तर बालन्याय मंडळ प्राथमिक मूल्यमापन करून त्याचा खटला प्रौढांसारखा चालवायला पाठवू शकतं. म्हणजे कायदा कडक करून झालेला आहे. २०२२ साली देशात अल्पवयीनांवर सुमारे साडेतीस हजार गुन्हे नोंदले गेले. त्या वर्षीचे एकूण दखलपात्र गुन्हे ५८ लाखांच्या वर होते. 'आजकालची पोरं' म्हणून जो आरडाओरडा होतो, त्यापुढे हे आकडे ठेवून पाहावेत.

मे २०२४मध्ये पुण्यात १७ वर्षांच्या मुलाने भरधाव गाडीखाली दोघांचा जीव घेतला आणि त्याला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन मिळाला, तेव्हा लोक भडकले. भडकणं योग्यच होतं. पण त्या रागातून निघालेली मागणी पुन्हा 'तुरुंगात टाका' हीच होती. निबंध आणि तुरुंग यांच्या मध्ये काही असतं, हे कोणी बोललं नाही. कायद्यात ते लिहिलेलं आहे. परिवीक्षा अधिकाऱ्याने १५ दिवसांत मुलाच्या घरची, शाळेची, संगतीची चौकशी करून अहवाल द्यायचा असतो. मंडळाला गट-समुपदेशन, समाजसेवा, देखरेखीखाली घरी पाठवणं असे आदेश देता येतात. हे करायला माणसं लागतात. मुलाच्या घरी चार वेळा जाणारा, त्याला कामाला लावणारा, तो बिथरला तर रात्री फोन घेणारा माणूस. त्या माणसासाठी पगार आणि पद मागणारा मोर्चा मी अजून पाहिलेला नाही.

आमच्या समुपदेशन केंद्रात नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन आलेली बाई दोन-तीन भेटींनंतर हळूच मुलाचं सांगते. "पोरगा पण आता बापावर चाललाय." बारा-तेरा वर्षांचा असताना हाच मुलगा आईबापाच्या मध्ये उभा राहून मार खात असे. पंधराव्या वर्षी तो घरात थांबेनासा होतो. सोळाव्या वर्षी बहिणीवर हात उगारतो, आईकडे पैसे मागताना भांडी आपटतो. मार पाहिलेला प्रत्येक मुलगा मारकुटा होतो असं मुळीच नाही. त्याच घरातला दुसरा भाऊ आईला जपणारा निघतो. फरक पुष्कळदा एखाद्या बाहेरच्या माणसाने पडतो. कधी तो शिक्षक असतो, कधी मामा, कधी कबड्डीचा सर. (गुन्हा घडला की बातमीदार 'आईचं लक्ष नव्हतं का' असं विचारतात. बापाचं लक्ष कुठे होतं, हे विचारायचं कोणाला सुचत नाही.)

त्यात शिक्षणाचा मोफत आणि सक्तीचा हक्क १४व्या वर्षी संपतो. महापालिकेच्या कितीतरी शाळा सातवी-आठवीला थांबतात. पुढची शाळा लांब, फी परवडत नाही, गणित तर केव्हाच सुटलेलं. मग मुलगा गॅरेजमध्ये, टेम्पोवर, मांडववाल्याकडे. आणि संध्याकाळी नाक्यावर. तिथे त्याला नाव मिळतं. मंडळाच्या फ्लेक्सवर काळा चष्मा लावलेला त्याचा फोटो झळकतो. 'भाईचा बड्डे' असला की केक तलवारीने कापायचा आणि त्याचं रील मोबाइलवर टाकायचं. घरात आणि शाळेत ज्याला कोणी विचारलं नाही, त्याला नाक्यावरचा दादा विचारतो. बिर्याणी देतो, गाडी फिरवायला देतो आणि एक दिवस कोयता ठेवायला देतो. पुण्यातल्या कोयता गँगच्या बातम्या २०२२-२३ साली सगळ्यांनी वाचल्या. पकडलेल्यांत शाळा सोडलेली मुलंही होती.

मुलीच्या बाजूने पाहा. मुलगा मागे लागलाय हे तिने घरी सांगितलं की पहिली तिची शाळा बंद होते आणि दुसरं स्थळ बघायला सुरुवात होते. म्हणून ती सांगत नाही. पाठलाग हा २०१३पासून गुन्हा आहे, आताच्या भारतीय न्याय संहितेतही आहे. पण चौकीत अजूनही 'समज देऊन' सोडून देण्याची रीत आहे. 'हाताची नस कापीन' आणि 'तुला बघून घेईन' या दोन धमक्या पुष्कळदा एकाच तोंडून येतात. दोन्ही खऱ्या मानल्या पाहिजेत, आणि त्याच दिवशी दोन कामं सुरू झाली पाहिजेत: तिला संरक्षण, आणि त्याच्यापर्यंत कोणीतरी पोचणं.

त्याच्यापर्यंत पोचायचं कसं, याचा अनुभव आपल्याकडे आहे. मुंबईत १९३७ सालीच टाटांच्या समाजकार्य संस्थेने बाल मार्गदर्शन केंद्र सुरू केलं होतं. १९९३पासून 'मावा' ही पुरुषांची संघटना तरुण मुलग्यांशी मर्दानगीबद्दल बोलते आहे. 'कोरो'ने इतर संस्थांबरोबर मुंबईतल्या महापालिका शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींचे खेळ, नाटुकली, चर्चा यांतून समानतेचे तास घेतले. दुसरीकडे आपल्याच राज्याने २००७ साली शाळेतलं लैंगिक शिक्षण बंद करून टाकलं होतं, हेही आठवावं. सरकारी दवाखान्यांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' केंद्रं आहेत. ती आहेत हे किती मुलग्यांना ठाऊक असतं? १०९८ हा नंबर मुलांसाठी आहे आणि १४४१६ मानसिक आरोग्यासाठी. दोन्ही वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावायला खर्च येत नाही.

आता त्या चिडीकडे येते. मैत्रिणींनो, मुलग्यांबरोबर काम करायचं ते आपल्या अटींवर. मुलींच्या कामाचा पैसा काढून नाही. 'मुलगा सुधारतोय' म्हणून मुलीला समझोत्याला बसवायचं नाही, दोघांना समोरासमोर आणायचं नाही. राखी तर मुळीच बांधायला लावायची नाही. २०२० साली मध्य प्रदेशात विनयभंगाच्या आरोपीला तक्रारदार बाईकडून राखी बांधून घेण्याच्या अटीवर जामीन दिला होता. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. गावपंचायतीत आणि शाळेच्या ऑफिसात मात्र हा तोडगा अजून काढला जातो.

आणखी एक. सतरा वर्षांचा मुलगा आणि सोळा वर्षांची मुलगी एकमेकांच्या मर्जीने पळून जातात, मुलीचे वडील तक्रार करतात, आणि मुलगा पॉक्सोखाली बलात्काराचा आरोपी होतो. त्याला आणि कोयता उगारणाऱ्याला एकाच रांगेत बसवून 'सुधारायचा' प्रयत्न केला तर दोघंही हातचे जातील.

जूनमध्ये शाळा उघडतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका. आपल्या मंडळांतल्या कितीतरीजणी त्या समित्यांवर आहेत आणि खिचडीच्या तांदळावर सही करून परत येतात. पहिल्याच बैठकीत त्यांनी एक यादी मागावी: मागच्या दोन वर्षांत इथून आठवी होऊन गेलेली मुलं-मुली आज कुठे आहेत. शाळेकडे ती नसेल, तर वस्तीत फिरून आपणच करू. नावं आपल्याला माहीत आहेत.