रोजच्या प्रवाशाला पास. अधूनमधूनच्या प्रवाशाला काय?

रेल्वेच्या तिकिटात सवलत कोणाला मिळावी, हा प्रश्न वरवर पाहता हिशेबाचा वाटतो. वस्तुतः तो न्यायाचा आहे. कोल्हापूर-मिरज या सुमारे ४८ किलोमीटरच्या मार्गावर तो रोज उभा राहतो. तेथील पॅसेंजर गाडीत दोन प्रकारचे प्रवासी शेजारी शेजारी बसतात. एकाची नोकरी कायम आहे, पगार ठरलेला आहे आणि खिशात मासिक पास आहे. दुसऱ्याचे काहीच ठरलेले नाही. मिरजेच्या इस्पितळात पडलेल्या आप्ताचा डबा घेऊन निघालेला भाऊ, बाजाराच्या दिवशी पाटी घेऊन येणारी भाजीवाली, बोलावणे येईल त्या दिवशी हातकणंगल्याला उतरून इचलकरंजीच्या मागावर जाणारा बदली कामगार, ही सारी या दुसऱ्या वर्गातली माणसे. गाडी तीच, बाक तेच. मात्र ज्याचे उत्पन्न अधिक अनिश्चित, त्यालाच प्रत्येक खेपेचे पूर्ण भाडे मोजावे लागते.

हा अन्याय कोणी दुष्टपणाने केलेला नाही. तो पासाच्या गणितातच दडलेला आहे. दुसऱ्या वर्गाच्या मासिक पासाची किंमत साधारणतः पंधरा एकेरी खेपांच्या भाड्याइतकी असते. महिन्यात पंचवीस दिवस जाणाऱ्या-येणाऱ्यास पन्नास खेपा मिळतात. म्हणजे त्याला दर खेपेस एक-तृतीयांशाहून कमी भाडे पडते. परंतु ज्याला महिन्यात सहाच दिवस काम मिळते, त्याच्या खेपा होतात बारा. त्याने पास काढणे हा निव्वळ तोटाच. सवलत आहे, पण तिच्या दारात पोचण्यासाठी आधी नियमित रोजगार हवा.

भाडेवाढीचा मारही याच प्रवाशावर प्रथम पडतो. २०२० च्या टाळेबंदीनंतर पॅसेंजर गाड्या ‘विशेष’ म्हणून सोडण्यात आल्या, त्यांना एक्स्प्रेसचे भाडे लागले आणि किमान तिकीट १० रुपयांवरून ३० रुपयांवर गेले. जवळच्या स्टेशनासाठी तिप्पट दाम मोजावे लागले. ही वाढ मागे घेण्यास फेब्रुवारी २०२४ उजाडावा लागला.

यावर उपाय अपरिचित नाही. एका दिवसाचे, हवे तेथे चढण्या-उतरण्याचे तिकीट मुंबईच्या उपनगरी गाड्यांवर मिळते. फक्त ते पर्यटकांच्या नावाने निघते. एस. टी. महामंडळाने ‘आवडेल तेथे प्रवास’ ही चार व सात दिवसांच्या पासाची योजना १९८८ मध्ये सुरू केली. जर्मनीत प्रांतिक गाड्यांसाठी दिवसभराचे तिकीट मिळते. एकाच तिकिटावर पाच जणांपर्यंत जाता येते, मात्र कामाच्या दिवशी ते सकाळी नऊनंतरच चालते.

कोणी विचारील, दहा-पंधरा रुपयांच्या भाड्यात वाचणार ते किती? प्रश्न रास्त आहे. पण प्रवास स्टेशनावर संपत नाही. हातकणंगल्याहून इचलकरंजी, मिरजेहून इस्पितळ, कोल्हापूर स्टेशनाहून शिरोलीची वसाहत, हे शेवटचे टप्पेच खिसा रिकामा करतात. जानेवारी २०२५ मध्ये एस. टी. चे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढल्यापासून हा भार अधिकच जाणवतो. म्हणून मागणी करावयाची ती केवळ रेल्वेच्या तिकिटाची नव्हे. कोल्हापूर ते सांगलीपर्यंत रेल्वे, एस. टी. आणि शहर बस यांवर मिळून चालणाऱ्या एका दिवसाच्या तिकिटाची. रेल्वेपुरते बोलावयाचे, तर त्याचा दर एकेरी भाड्याच्या दीडपटीहून अधिक नसावा.

रेल्वेचे उत्तर ठरलेले आहे: प्रवासी वाहतूक तोट्यात चालते आणि प्रत्येक तिकिटामागे सरकार जवळपास निम्मा भार सोसते. हा आकडा नाकारण्याचे कारण नाही. परंतु तो सरासरी खर्चाचा आहे. दुपारची गाडी रिकामी धावली तरी चालकाचा पगार आणि विजेचा खर्च टळत नाही. त्या रिकाम्या बाकावर आणखी एक प्रवासी बसला, तर खर्च नाममात्र वाढतो आणि उत्पन्न मात्र पदरात पडते. सकाळच्या भरलेल्या गाड्यांना हा युक्तिवाद लागू पडत नाही, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. त्या वेळी सवलतीपेक्षा जादा डब्यांची गरज आहे. तेव्हा प्रारंभी नऊनंतरचे तिकीट स्वीकारण्यास हरकत नसावी. पण बदली कामगाराची पाळी सकाळीच असते, याचा विसर पडता कामा नये.

१९७७ ते १९७९ या काळात मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी आली. सामान्य प्रवाशाची सोय म्हणजे उधळपट्टी नव्हे, हे त्या निर्णयाने दाखवून दिले. तीच दृष्टी आज भाड्याच्या रचनेत यावयास हवी.

हे काम केवळ निवेदनाने होणार नाही. कार्यकर्त्यांनी आठवडाभर रुकडी, हातकणंगले आणि जयसिंगपूर येथे उभे राहून बिनपासाचे प्रवासी मोजावेत, ते स्टेशनापुढे कोठे व किती खर्चून जातात ते नोंदवावे, आणि ती आकडेवारी मध्य रेल्वेच्या पुणे विभागापुढे व एस. टी. च्या विभागीय कार्यालयापुढे मांडावी. ज्याला पास परवडत नाही, त्याची मोजदाद आजवर कोणी केली नाही. लढ्याची सुरुवात त्या मोजणीपासूनच झाली पाहिजे.