रंगमंच हवा, पण तटापासून लांब



लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी संगीत नाटकाचे प्रयोग नकोतच, असे मागील अंकातील पत्रलेखकांनी बजावले आहे. त्यांची काळजी रास्त आहे. बंदीचा उपाय मात्र पटत नाही.

रोममधील काराकल्लाच्या प्राचीन स्नानगृहांत १९३७ पासून उन्हाळ्यात ऑपेरा होई. रंगमंच थेट अवशेषांतच उभारलेला. वास्तूला धोका दिसल्यावर १९९३ नंतर प्रयोग थांबले. २००१ मध्ये ते परतले, पण मंच अवशेषांपासून सुटा ठेवून; भिंती फक्त पार्श्वभूमीला. आपला वेरूळ महोत्सवही लेण्यांपासून सोनेरी महालात हलवलाच की.

सुटा मंच खान्देशाला नवा नाही. सारंगखेड्याच्या यात्रेतला तमाशाचा फड पाहा: लोखंडी घोड्यांवर फळ्या, वर कनात, खेळ संपला की सगळे ट्रकमध्ये. किल्ल्याजवळ एवढेच करावे की खुंट ठोकू नयेत, तणावे वाळूच्या गोण्यांना बांधावेत. कर्ण्यांची तोंडे तटाकडे नकोत, जनरेटर रस्त्याकडेला असावा. आराखडा पुरातत्त्व खात्याने आधी तपासावा आणि जागा पाहूनच अनामत परत करावी. या अटी पाळणाऱ्या मंडळीला परवानगी नाकारू नये, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, शिंदखेडा (जि. धुळे)