कागद स्वस्त आहे, तुमचा तास नाही!



स्क्रॅपबुकसाठी कागदी फुलं करणाऱ्यांना "भाव कसा ठरवला?" असं विचारलं की बहुतेक वेळा उत्तर येतं, "कागदाला असं काय लागतं? आणि मोकळ्या वेळात तर करते!" माझं स्पष्ट मत आहे, हा धंदा इथेच बसतो.

चला, हिशोब मांडू. १८० जीएसएमच्या एका ए-फोर कागदातून ७ सेंटिमीटरचे १२ गोल निघतात. गोल बाहेरून आत नागमोडी कापत न्यायचा, बाहेरच्या टोकापासून गुंडाळायचा, तळाला ग्लू लावला की गुलाब तयार. समजा, एका फुलाला ५ मिनिटं लागली. म्हणजे १२ फुलांना १ तास. तासाचे १०० रुपये धरा, कागद १० रुपये, ग्लू आणि पाकीट २० रुपये. सेट पडला १३० रुपयांना, आणि यात नफा अजून धरलेलाच नाही! तोच सेट ६० ला दिलात तर ७० रुपये तुमच्या मजुरीतून गेले. ऑर्डर जितक्या जास्त, तितकं फुकट काम जास्त.

"पण बाजारात तयार पाकीट स्वस्त मिळतं ना?" मिळतं. थायलंडची मलबेरी कागदाची फुलंही मिळतात. म्हणूनच भावात त्यांच्याशी भांडू नका. पाकिटात जे मिळत नाही, ते द्या:

• रंग जुळवून द्या. बारशाच्या पत्रिकेचा रंग, शालूच्या काठाचा रंग. ग्राहकाकडून फोटो मागवा.
• अल्बम मिटला पाहिजे. उंच गुलाब फक्त कव्हरवर, आतल्या पानांना पाकळ्यांचे दोन-तीन थर असलेली चपटी फुलं.
• कागद टिकाऊ घ्या. वर्तमानपत्राचा कागद लवकर पिवळा पडतो, सुती चिंध्यांचा हातकागद बराच टिकतो. पुण्यात हातकागद संस्था १९४० साली सुरू झाली, म्हणजे ही विद्या आपल्याला नवी नाही.
• रंग सुटतो का, हे ओल्या कापसाने आधी तपासा. फुलाशेजारी कुणाच्यातरी आठवणीचा फोटो असणार आहे.

असा सेट घेणारा ग्राहक फुलं मोजत बसत नाही. आणि जो फक्त स्वस्त मागतो, त्याला नम्रपणे नाही म्हणा. एक ऑर्डर जाईल, पण तुमचा तास वाचेल.

आजचा गृहपाठ: मोबाइलवर टायमर लावून १२ फुलं करा. जो वेळ येईल तो वहीत लिहा. भाव त्यानंतरच सांगायचा!