सहीपुरती खुर्ची नको

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार राज्य प्राधिकरणावर मानसिक आजार अनुभवलेल्यांचे दोन आणि काळजीवाहकांचे दोन प्रतिनिधी नेमावे लागतात. हा उपकार नव्हे, कायद्याने दिलेला हक्क आहे.

ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. तिथून घरी परतलेल्यांना व्यवस्थेतली खोट नेमकी ठाऊक असते: औषध आणायला गेल्याने बुडालेली रोजंदारी, ओपीडीत चारचौघांदेखत पुकारलेले नाव, गोळीने दिवसभर राहणारी गुंगी. फायलींत हे सापडत नाही.

म्हणून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या आखणीपासूनच त्यांना सोबत घ्यावे. बैठकीचा भत्ता आणि प्रवासखर्च द्यावा. त्यांच्या सूचनांचे पुढे काय झाले, हेही इतिवृत्तात नोंदवावे.