चित्रकादंबरीला कपाटात जागा द्या



शाळेच्या ग्रंथखरेदीची यादी करताना कॉमिक्स आणि चित्रकादंबऱ्यांवर बहुधा आधी काट मारली जाते. कारण ठरलेले : चित्रे बघून मुले मजकूर वाचत नाहीत. असे म्हणणाऱ्यांनी ‘भीमायन’ एकदा चाळावे.

बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यावरचे हे पुस्तक ‘नवयान’ प्रकाशनाने 2011 साली काढले. चित्रे दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्याची. त्यात ठरावीक चौकटी नाहीत. गोंडी नक्षीच पाने विभागते. मवाळ बोल पाखराच्या आकारात लिहिलेले, तर जिव्हारी लागणारे बोल विंचवाच्या नांगीच्या. वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेला छोटा भिवा, म्हणजे लहानपणीचे बाबासाहेब, मसूर स्टेशनावर उतरतो आणि जात कळताच गाडीवाले त्याला गाडीत घेईनात. हा प्रसंग वाचताना बोलणाऱ्याच्या मनात काय आहे, हेही मुलाला ओळखावे लागते. आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या ‘कोण कोणास म्हणाले?’ या प्रश्नाला एवढे डोके लागत नाही.

आमच्या दिंडोरी तालुक्यात कोकणा, महादेव कोळी घरांतली अनेक मुले घरी वेगळी बोली बोलतात. छापील मराठीच्या सलग पानाशी ती अडखळली, तरी समजेत कमी नसतात. त्यांना चित्रांचा आधार जरूर मिळावा. पण ही पुस्तके ‘कच्च्या’ मुलांपुरती ठेवणे चूक. नाझी छळछावण्यांवरच्या स्पीगलमनच्या ‘माउस’ या चित्रकादंबरीला 1992 साली पुलित्झरचा विशेष सन्मान मिळाला. टेनेसीतल्या एका शाळा मंडळाने 2022 मध्ये ते अभ्यासक्रमातून काढले, ते बाळबोध म्हणून नव्हे. त्यातल्या शिव्या आणि एक नग्नचित्र खुपले म्हणून. तेव्हा शिक्षकाने आधी स्वतः वाचून पुस्तक निवडावे, हे मान्य. न वाचताच काट मारणे मान्य नाही.

अशा पुस्तकासाठी विषय तर आपल्या दारातच आहे. 2 मार्च 1930 रोजी नाशिकला सुरू झालेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह पुढे पाच वर्षे चालला. त्याची धुरा वाहणारे दादासाहेब गायकवाड आमच्या दिंडोरी तालुक्यातल्याच आंबे गावचे. जिल्हा परिषदेने आणि आदिवासी विकास विभागाने मिळून त्यांच्यावर मराठीत चित्रकादंबरी करून घ्यावी. चित्रे जिल्ह्यातल्या वारली चित्रकारांकडून काढून घ्यावीत आणि त्यांना योग्य मानधन द्यावे. पुस्तक आश्रमशाळांना आणि अनुदानित ग्रंथालयांना पाठवावे. पहिल्या प्रती आंबे गावच्या मुलांना.

— एक वाचक, दिंडोरी (जि. नाशिक)